मातीची चुंबळ

कुंभार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. गरगर फिरणारे चाक, त्यावर ओल्या मातीचा गोळा आणि बघता बघता त्यातून वर येणारे मडके. १९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटातले गदिमांचे कुंभाराचे गाणे आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. पण चाकावरून खाली उतरलेले मडके हे अर्धेच मडके असते. उरलेले काम दुसऱ्या दिवशी सुरू होते. त्या दुसऱ्या दिवसाविषयी मला लिहायचे आहे. विषय कुंभारकामाचा असला तरी प्रश्न थोडा वेगळा आहे. एखादी वस्तू घडत असताना जो तिला नुसता धरून ठेवतो आणि काम झाले की बाजूला होतो, त्याचा त्या घडण्यात वाटा किती? त्याला कारण म्हणायचे की नाही?

मी व्यवसायाने डॉक्टर. एम.बी.बी.एस. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून केले, नव्वदच्या दशकात अमेरिकेत आलो आणि गेली वीसहून अधिक वर्षे मिनेसोटात मुख्यतः वृद्धांवर उपचार करतो आहे. इथला हिवाळा लांब. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच सूर्य मावळतो. मुले कॉलेजला गेली, घर शांत झाले, तेव्हा मी मातीकामाच्या क्लासला नाव घातले. मिनेसोटात अशा क्लासांना तोटा नाही. याचे बरेचसे श्रेय वॉरन मॅकेन्झी (१९२४-२०१८) यांना जाते. १९५० ते १९५२ या काळात त्यांनी इंग्लंडमध्ये सेंट आइव्हज येथे बर्नार्ड लीच यांच्याकडे उमेदवारी केली आणि परत येऊन मिनेसोटा विद्यापीठात अनेक वर्षे शिकवले. भांडे रोजच्या वापरातले असावे आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडावे, हा त्यांचा आग्रह. स्टिलवॉटरजवळच्या त्यांच्या विक्रीच्या खोलीत किमती लावलेली भांडी मांडलेली असत. गिऱ्हाइकाने हवे ते उचलावे आणि पैसे टोपलीत टाकावेत. पुढे लोक ढिगाने भांडी नेऊन चढ्या भावाने विकू लागले, तेव्हा त्यांनी ती खोली बंद केली. त्यांचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य आज या भागात जागोजागी शिकवतात.

आता दुसऱ्या दिवसाकडे येऊ. चाकावर भांडे वर ओढताना बुडाशी माती जाड ठेवावीच लागते. ओल्या मातीच्या अंगात जोर नसतो. वरच्या भिंतीचे वजन खालच्या जाडीने पेलले नाही तर सगळेच बसकण मारते. त्या क्षणी ती जादा माती अत्यंत गरजेची असते. एक रात्र गेली, भांडे चामड्याइतके घट्ट झाले, की तीच माती ओझे होते. भांडे हातात जड लागते, बूड आणि भिंत वेगवेगळ्या वेगाने वाळतात, तडे जातात. आणि जाड बुडात ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन भांडे फुटते. म्हणून भांडे उलटे करून चाकावर ठेवायचे, चाक फिरवायचे आणि तारेच्या वळ्याचे हत्यार लावून जादा माती तासून काढायची. मातीच्या लांबच लांब साली निघतात, सफरचंदाच्या सालीसारख्या. शेवटी बुडाला एक सुबक कडी उरते, ती भांड्याची बैठक. जाणकार माणूस भांडे हातात घेतले की आधी उलटे करून ही बैठक पाहतो. जपानी चहाच्या समारंभातही पाहुणे वाडगा उचलून तिचे बूड न्याहाळतात. (मधुमेहाच्या पेशंटला मी आधी मोजे काढायला सांगतो, त्यातलाच हा प्रकार.)

वाडगा किंवा ताटली असेल तर काम सोपे. तोंड रुंद असते, ते चाकावर पालथे बसते, कडेने मातीचे चार गोळे दाबले की झाले. प्रश्न येतो तो अरुंद मानेच्या सुरईचा. ती उलटी कशी ठेवणार? सगळा भार तिच्या नाजूक ओठावर येईल. ओठ दुमडेल नाहीतर सुरई कलंडेल. इथे ‘चक’ लागतो. कोल्हापूर-सांगलीकडे लेथ मशीनवर काम केलेल्यांना हा शब्द नवा नाही. पण लेथचा चक लोखंडी जबड्यांनी जॉब आवळून धरतो. कुंभाराचा चक कोणालाही आवळत नाही. तो म्हणजे मातीचे, दोन्हीकडून उघडे असे एक जाड नळकांडे, वरच्या काठाशी जरा फाकलेले. ते चाकाच्या बरोबर मध्यावर बसवायचे आणि सुरई त्यात उलटी सोडायची. मान आत पोकळीत अधांतरी राहते, ओठ कशालाही टेकत नाही, आणि सगळा भार खांद्यावर येतो, म्हणजे जिथे सुरई मुळातच भक्कम असते तिथे. डोक्यावर घागर घेणाऱ्या बायका खाली कापडाची चुंबळ ठेवतात, ती आठवा. चक म्हणजे मातीची चुंबळ.

ही चुंबळ बसवणे हे वाटते तेवढे सोपे नाही. ती केसभर जरी मध्याबाहेर असली तरी सुरई तिरकी फिरते आणि बूड एका बाजूला पातळ, दुसऱ्या बाजूला जाड होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट ओलाव्याची. चक एकदा भाजलेल्या मातीचा असेल तर वापरण्यापूर्वी तो पाण्यात भिजवून घ्यावा लागतो, नाहीतर कोरडा चक सुरईतले पाणी शोषून घेतो आणि जिथे आधार तिथेच ती अवेळी सुकून तडकते. चक कच्च्या मातीचा आणि फार ओला असेल तर उलटा त्रास. तो सुरईला चिकटतो, आणि काम झाल्यावर सोडवायला गेले की खांद्याचा कपचा घेऊनच सुटतो. म्हणून काठावर प्लॅस्टिकचा पातळ कागद घालतात. मिनेसोटाच्या हिवाळ्यात घरोघर हीटर चालू असतो, हवा हाडासारखी कोरडी. तेव्हा हा हिशेब दर अर्ध्या तासाने बदलतो. आमच्या बाई (वय सत्तरीच्या पुढे, मूळ नॉर्वेजियन शेतकरी घराण्यातल्या) हत्यार हातात घेण्याआधी चकालाच हात लावून बघतात. त्या सांगतात की तासायला एक महिन्यात येते, धरायला दोन-तीन वर्षे लागतात.

तासताना किती तासायचे, हे कसे कळते? वाडग्यात हात घालून जाडी चाचपता येते. सुरईच्या आत हात जात नाही. तिथे एकच उपाय, बोटाने टिचकी मारून ऐकणे. बूड जाड असेल तर ठस्स असा मुका आवाज येतो. माती कमी होत जाते तसतसा तो मोकळा होत जातो, लहान ढोलकीसारखा. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा मला मिरजेच्या वॉर्डातला पहिला महिना आठवला. डाव्या हाताचे मधले बोट पेशंटच्या छातीवर ठेवायचे, त्यावर उजव्या हाताच्या बोटाने ठोकायचे. फुप्फुसावर पोकळ आवाज, यकृतावर बद्द, आणि छातीत पाणी झाले असेल तर दगडावर ठोकल्यासारखा. ही पद्धत व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ साली पुस्तकरूपाने मांडली. त्याचे वडील ग्राझ शहरात खानावळ चालवीत, आणि पिंपात वाइन कुठवर आहे हे ठोकून पाहायची रीत त्याने लहानपणी तिथे पाहिली, असे सांगतात. सुमारे अर्धे शतक त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचा डॉक्टर कॉर्व्हिझार याने त्या पुस्तकाचे फ्रेंच भाषांतर केले, तेव्हा कुठे ही विद्या युरोपभर गेली.

आपल्याकडे ही परीक्षा त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. तेर गावच्या गोरोबाकाकांची कथा लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. संतमेळा जमलेला, मुक्ताबाई थापटण्याकडे बोट दाखवते, आणि गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पाहतात. नामदेव रागावतात, कच्चे ठरतात आणि पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जातात. या कथेत आपण डोक्यांकडे बघतो, थापटण्याकडे बघत नाही. थापटणे मुळात परीक्षेचे साधन नव्हेच. आपला खेड्यातला कुंभार पाण्याची घागर तासत नाही. तो चाकावर जाड भिंतीचे भांडे काढतो, ते जरा आवळले की एका हाताने आतून गुळगुळीत दगडाचा किंवा भाजलेल्या मातीचा गोळा लावतो, आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी थापटण्याने बाहेरून, मधूनमधून राख लावीत, थापटत जातो. माती काढून न टाकता तीच माती पसरत जाते, भिंत पातळ होते, पोट फुगते आणि बूड गोल मिटते. गोल बूड असल्यामुळेच आपल्या घागरीला डोक्यावर चुंबळ लागते आणि घरात तिवई.

म्हणजे इथे अमेरिकेत मी भांडे बाहेरून धरतो आणि माती कमी करतो. आमच्या गावचा कुंभार आतून धरतो आणि माती कमी न करता भांडे वाढवतो. रीती दोन, पण धरण्यावाचून दोघांचेही चालत नाही. थापटण्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. आतला हात मात्र कोणाला दिसत नाही. पूर्ण झालेल्या घागरीवर त्या हाताची खूण राहत नाही, आणि राहिलीच तर ते काम कच्चे म्हणायचे.

आता प्रश्नाकडे येतो. माझे वडील मिरजेला शाळेत संस्कृत शिकवीत. त्यांना न्यायशास्त्राची हौस होती आणि रविवारी सकाळी आम्हा भावंडांना ते ‘तर्कसंग्रह’ शिकवीत. नैयायिकांना मडक्याचे अतोनात प्रेम. कार्यकारणभाव समजावून द्यायचा तर उदाहरण बहुधा घटाचेच. घटाची कारणे कोणती? मडक्याचे दोन भाग म्हणजे कपाले, हे समवायी कारण. त्यांचा संयोग हे असमवायी कारण. कुंभार, चाक, चाक फिरवायचा दंड ही निमित्त कारणे. आणि मग सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त एक गमतीदार यादी येते, ‘अन्यथासिद्धां’ची. हे घटाच्या आधी हजर असतात, पण कारण नसतात. दंडाचे दंडपण, दंडाचा रंग, आकाश. यादीच्या शेवटी दोघे बसले आहेत. एक कुंभाराचे वडील, आणि दुसरे कुंभाराचे गाढव.

गाढवाचे समजते. माती गाढवाने आणली, पण ती बैलगाडीने आली असती किंवा डोक्यावरून आली असती तरी घट झालाच असता. वडिलांची गोष्ट जरा जास्त सूक्ष्म आहे. ते कुंभाराचे कारण आहेत. त्यांचे कारणपण कुंभारापाशी संपते, घटापर्यंत पोचत नाही. हे सांगताना आमचे वडील मोठ्याने हसायचे. मी अमेरिकेला निघालो तेव्हा मिरज स्टेशनवर, गाडी सुटायच्या बेतात असताना, ते म्हणाले होते, “तुझ्या पेशंटांच्या दृष्टीने मी आता कुलालपिता. अन्यथासिद्ध!” आई त्यांच्यावर रागावली. अशा वेळी कोणी असे बोलते का, म्हणून.

या यादीत चक नाही. तो कुठे बसवायचा, यावर गेली काही वर्षे चाकासमोर बसून मी डोके चालवतो आहे. वरवर पाहता तो गाढवाच्या शेजारचा. हा चक नसला तर दुसरा चालतो. क्लासमध्ये फळीवर सात-आठ आहेत, तेही नसले तर जाड काचेची बरणी चालते, वेळेला प्लॅस्टिकच्या नळाचा तुकडाही चालतो. शिवाय सुरईत त्याचा मातीचा एक कणही जात नाही, तिच्यावर त्याची खूण राहत नाही. नैयायिकाने त्याला सहज हाकलून दिले असते.

पण मला वाटते इथे दोन गोष्टींची गल्लत होते. हा चक किंवा तो चक बदलता येतो, हे खरे. दंडही तसाच बदलता येतो. हा नाही तर तो. म्हणून नैयायिक दंडाला यादीतून काढत नाहीत, कारण कोणता ना कोणता दंड लागतोच. तसेच कोणीतरी धरावे लागतेच. धरल्यावाचून सुरईला बैठक मिळाली, असे एकही उदाहरण मला माहीत नाही. अनुभवी लोक हाताच्या पंज्यानेच धरतात, पण धरतात. म्हणजे धरणारा बदलू शकतो, धरणे वगळता येत नाही. यातून निघणारा निष्कर्ष धरणाऱ्याला तितकासा सुखाचा नाही. काम तुझ्यावाचून अडणार नाही. पण जो कोणी तिथे हात देईल तो कारणांत मोजला जाईल, आणि जो देणार नाही तो मोजला जाणार नाही, मग त्याचे नाते काही असो.

धरण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण आधार म्हटले की आपण हळवे होतो आणि जितका जास्त तितका चांगला असे धरून चालतो. वैद्यकात आम्हाला वेगळे शिकवतात. हाड मोडल्यावर प्लास्टर फार घट्ट बसले आणि आत सूज वाढली, तर काही तासांत स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. मोडलेले हाड जुळेल, पण हात कामातून जाईल. आमच्या मिनीॲपोलिस शहराचा या बाबतीत एक मोठा इतिहास आहे. एलिझाबेथ केनी ही ऑस्ट्रेलियातली परिचारिका १९४० मध्ये अमेरिकेत आली. ‘सिस्टर’ ही तिची लष्करी परिचर्येतली पदवी. त्या काळी पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय वाकडे होऊ नयेत म्हणून ते फळ्यांना आणि प्लास्टरला आठवडेच्या आठवडे जखडून ठेवीत. केनीचे म्हणणे, हे धरणेच मुलांना लुळे करते आहे. ती जखडबंद सोडायची, गरम पाण्यातून पिळलेल्या लोकरी घड्यांनी स्नायू शेकायची आणि मग एकेका स्नायूला हलायला शिकवायची. अनेक मोठे डॉक्टर तिच्यावर उखडले होते. रोगाविषयीचे तिचे सिद्धान्त बरेचसे टिकले नाहीत, पण तिचा उपचार टिकला. मिनीॲपोलिसमध्ये डिसेंबर १९४२ मध्ये तिच्या नावाची संस्था उघडली. २०१३ पासून ती ‘करेज केनी’ या नावाने पुनर्वसनाचे काम करते. केनीने आधार काढून टाकला असे म्हणतात, ते मला नीट वाटत नाही. मूल हात हलवायला शिकत असताना त्याच्या कोपराखाली तिचा तळवा असेच. तिने आधाराची जागा बदलली.

माझ्या क्लिनिकमध्ये वयस्कर आईवडिलांना घेऊन मुले येतात. अमेरिकन येतात, भारतीयही येतात. आपल्या लोकांत एक दृश्य मी फार वेळा बघतो. मी आजोबांना विचारतो, झोप कशी लागते? उत्तर मुलगा देतो. आजींना म्हणतो, जरा उठून चार पावले चालून दाखवा. त्यांनी खुर्चीच्या हातावर तळवे टेकण्याआधीच सुनेने त्यांना काखेतून उचललेले असते. प्रेमात काहीच कमी नसते. चक जरा जास्त ओला असतो, एवढेच. आणि उलटी कुटुंबेही आहेत, आधाराची सगळी व्यवस्था चोख, गोळ्यांच्या डब्या वारांप्रमाणे भरलेल्या, आणि सहा महिन्यांत कोणी शेजारी बसलेले नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. वडील २०१४ साली गेले. आई मिरजेलाच असते. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ती अंगणात पडली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. मी पाच आठवडे जाऊन राहिलो. नातेवाइकांचे दोन तट पडले होते. एकाचे म्हणणे, तिला अमेरिकेला घेऊन जा. दुसऱ्याचे, पुण्याला चांगले वृद्धाश्रम निघालेत. आई दोन्हींना नाही म्हणाली. तिच्या मदतीला गल्लीतली एक बाई येऊ लागली होती, चाळिशीची, सातवी शिकलेली. त्या बाई आईला उठवताना कधी ओढत नसत. समोर उभ्या राहून आपला हात आडवा धरीत, दाराच्या आडण्यासारखा, आणि आईने त्याला धरून आपल्या जोराने उठायचे. चालताना त्या अर्धे पाऊल मागे आणि त्यांचा तळवा आईच्या पाठीपासून चार बोटे दूर. व्यायामोपचाराच्या विद्यार्थ्यांना आम्ही हेच शिकवतो, पेशंटने तुम्हाला धरावे, तुम्ही पेशंटला नको. आणि त्यातले बरेच जण परीक्षेपुरते लक्षात ठेवतात. त्या बाईंना हे कोणी शिकवले, मी विचारले. त्या म्हणाल्या, “आजीच म्हणाल्या, धरू नको गं, नुसती राहा.”

आई चालू लागली. पहिल्यांदा काठी, मग काठीही बहुतेक कोपऱ्यात. दवाखान्याच्या कागदांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव आहे, बसवलेल्या सांध्याचा नंबर आहे, औषधे आहेत, खर्चाचा तपशील आहे आणि ‘नातेवाईक’ या रकान्यात माझे नाव, माझ्या मिनेसोटाच्या फोन नंबरासकट. त्या बाईंचे नाव कुठेच नाही. कारणांची यादी करायला बसलो तर मला डॉक्टरांच्या लगेच खाली त्यांना लिहावे लागेल. आणि स्वतःला कुठे लिहायचे? आम्ही परदेशातली मुले दर महिन्याला पैसे पाठवतो, रोज फोन करतो, वर्षातून एकदा येतो. माती वाहून आणणाऱ्याला कमी लेखू नये. मातीवाचून काहीच होत नाही. पण नैयायिकांनी त्याला कोणत्या रांगेत बसवले आहे, हे रविवारच्या शिकवणीमुळे मला चांगले ठाऊक आहे. हे मी कुढत लिहीत नाही. इथे येण्याचा निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. रांग मात्र आहे तीच आहे. तिचे नाव बदलून तिला ‘त्याग’ किंवा ‘कर्तव्य’ म्हटल्याने जागा बदलत नाही, आणि आपल्या संमेलनांतल्या भाषणांत ती अदलाबदल फार सहज होते असे माझे मत आहे.

गणेशोत्सवाआधी आपली मुले शाडूचे गणपती करायला बसतात, तेव्हा सोंड ओली असताना ती खचू नये म्हणून तिच्याखाली काडीचा टेकू देतात. मूर्ती सुकली की टेकू काढून टाकायचा. मागच्या वर्षी एका सहा वर्षांच्या मुलीने मला विचारले, “काका, या काडीचं पण विसर्जन करायचं का?” मी हो म्हणालो. आपल्या परंपरेत त्याला आधार आहे की नाही, हे गुरुजींना विचारायला हवे.

चक पुन्हा फळीवर जातो. कच्च्या मातीचा असेल तर बादलीत जातो, तासलेल्या सालींबरोबर भिजतो आणि पुढच्या महिन्यात कोणाच्या तरी कपाचा भाग होतो. क्लासमधला भाजलेला जो चक मी नेहमी घेतो, तो कोणी केला हे आमच्या बाईंनाही आठवत नाही. बाकीच्या प्रत्येक वस्तूच्या बुडावर करणाऱ्याचे नाव कोरलेले असते. याच्यावर काही नाही. त्याला दोन्हीकडून तोंडच असल्यामुळे नाव कोरायला बूडही नाही.

कुलालपित्याच्या बाबतीत माझा नैयायिकांशी वाद अजून मिटलेला नाही. त्यांनी एक पळवाट स्वतःच ठेवली आहे. कुंभाराचे वडील ‘वडील’ म्हणून घटाचे कारण नव्हेत. पण ते स्वतः चाकावर बसले, तर ‘कुंभार’ म्हणून त्यांना कारण मानायला कोणाची हरकत नाही. आता, आठवीत असताना मी छाती काढून एका दमात उत्तर म्हणायचो आणि अडखळायचो, तेव्हा वडील पुढचा शब्द सांगत नसत. गप्प बसत, मला सापडेपर्यंत. आज पेशंट आठवायला वेळ घेतो, शब्द शोधतो, आणि मी घड्याळाकडे न बघता थांबतो, तेव्हा तिथे नेमके कोण बसलेले असते? माझा दावा असा की त्या तेवढ्या मिनिटापुरते चाकावर तेच असतात. हा मुद्दा त्यांच्यापुढे मांडायचा राहून गेला. ते काय म्हणाले असते, ते मला पाठ आहे. चष्मा पुसत म्हणाले असते, “आधी व्याप्ती सिद्ध कर. मग बघू.”